केळ्याची साखर १०४

दिवाळीच्या सुट्टीत मी व्हाइटफील्डला घरी गेलो, तेव्हा निपाणीची आजी आमच्याकडे राहायला आली होती. आजीला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे आणि आता रोज दोन वेळा इन्सुलिन घ्यावे लागते. त्याआधी बोटाला सुई टोचून साखर तपासायची. "बोटांची पार चाळण झाली बघ रं," असे ती म्हणते. म्हणून बाबांनी तिच्यासाठी ऑनलाइन एक घड्याळ मागवले. आतल्या बाजूला हिरवा दिवा आणि पडद्यावर नाडी, रक्तदाब व साखर. सुई नाही, रक्त नाही. आजी खूश झाली. चार दिवस तिने ग्लुकोमीटरला हातही लावला नाही.

पाचव्या दिवशी दुपारी तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. घड्याळ दाखवत होते ११८. आईने काही न बोलता तिच्या बोटाला सुई टोचली. ग्लुकोमीटरवर आकडा आला ५६. साखरेचे पाणी प्यायल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आजी सावरली. त्या रात्री मी ते घड्याळ एका केळ्याला बांधले. थोड्या वेळाने पडद्यावर केळ्याची साखर आली, १०४! घरातले सगळे हसले. आजी मात्र हसली नाही.

तेव्हापासून माझे एक ठाम मत झाले आहे. ज्या उपकरणाच्या खोक्यावर 'साखर' हा शब्द छापलेला आहे, त्याने ग्लुकोमीटरची परीक्षा पास केलीच पाहिजे. नाहीतर तो शब्द छापू नये.

याचा अर्थ प्रकाशाने रक्तातले काही मोजताच येत नाही, असा नाही. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर प्रकाशावरच चालतो. त्याची कल्पना १९७४ मध्ये जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी मांडली. ऑक्सिजन असलेले हिमोग्लोबिन आणि नसलेले हिमोग्लोबिन लाल व अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेतात. त्या फरकावरून ऑक्सिजनचा आकडा काढला जातो.

मग साखरेचे का जमत नाही? एक लीटर रक्तात हिमोग्लोबिन साधारण १३० ते १५० ग्रॅम असते आणि त्याला गडद रंग असतो. साखर असते जेमतेम एक ग्रॅम, आणि तिला रंगच नसतो. मित्रांनो, मेसमध्ये दोन ग्लास घ्या, एकात साधे पाणी आणि दुसऱ्यात चिमूटभर साखर विरघळवलेले पाणी. नुसते पाहून ओळखून दाखवा! त्यात भर म्हणजे हा प्रकाश त्वचा, चरबी, पाणी आणि घाम यांतून जाऊन परत यायचा असतो. मनगटावरचा हिरवा दिवा नाडी मोजण्यासाठी ठीक आहे. एवढ्या गर्दीतून एक ग्रॅम साखर शोधणे हे त्याचे काम नव्हे.

खरे काम कुठे चालले आहे? आमच्याच बेंगळुरूमध्ये, शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत. तिथल्या जया प्रकाश यांच्या गटाने २०२४ मध्ये एक पद्धत जाहीर केली. लेसरचे अतिशय छोटे स्पंद शरीरात सोडले की पेशी किंचित तापतात, एका अंशाहूनही कमी. त्यामुळे त्या प्रसरण-आकुंचन पावतात आणि त्यातून आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी निघतो. साखरेच्या रेणूत ध्रुवित प्रकाशाची दिशा फिरवण्याचा गुण असतो. ध्रुवित लेसर वापरला की साखरेच्या प्रमाणानुसार तो ध्वनी कमी-जास्त होतो. म्हणजे साखर पाहायची नाही, ऐकायची! पाणी, रक्तद्रव आणि प्राण्यांच्या ऊतींच्या चकत्या यांवर ही पद्धत चांगली चालली. एका निरोगी माणसावर तीन दिवस, जेवणाआधी आणि जेवणानंतर, तिची चाचणीही झाली.

हे वाचून मला अभिमान वाटला. पण एक माणूस आणि तीन दिवस, ही सुरुवात आहे. फायरिंग रेंजवर पहिली गोळी मधोमध लागली म्हणून उस्ताद शाबासकी देत नाहीत. पाचही गोळ्या एकत्र पडल्या का, ते ग्रुपिंग पाहतात. संशोधकांनीही सांगितले आहे की त्यांचा लेसर अजून महाग आणि मोठा आहे, तो लहान करायचा आहे. प्रामाणिक संशोधक आपल्या यंत्राचे दोषही सांगतो. माझ्या आजीच्या घड्याळाच्या जाहिरातीत एकही दोष नव्हता.

ग्लुकोमीटरलाही चूक करण्याची थोडी मुभा असते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार साखर १०० च्या खाली असेल तर १५ पर्यंतचा फरक आणि वर असेल तर १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, आणि १०० पैकी ९५ वेळा तरी आकडा या मर्यादेत यावा लागतो. घड्याळाचा फरक होता ६२ चा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना इशारा दिला की त्वचेला न टोचता साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळे आणि अंगठ्या वापरू नका, कारण अशा एकाही उपकरणाला त्यांनी मान्यता दिलेली नाही. आपल्याकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. एवढ्या घरांमध्ये अशी किती घड्याळे असतील?

विक्रेते म्हणतील, "खोक्यावर 'वैद्यकीय वापरासाठी नाही' असे छापले आहे ना!" हो, छापले आहे. 'साखर' मोठ्या अक्षरांत आणि ही ओळ मुंगीएवढ्या अक्षरांत. चष्मा लावूनही आजीला ती वाचता आली नाही.

आणखी एक गोष्ट. हे यंत्र तयार होईल तेव्हा त्याची चाचणी आपल्या सर्व रंगांच्या त्वचेवर व्हावी. कृष्णवर्णीय रुग्णांमधला कमी ऑक्सिजन ऑक्सिमीटरच्या जास्त वेळा नजरेतून सुटतो, हे अमेरिकेत २०२० मध्ये दिसून आले. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत आपल्या वर्गातच किती रंग आहेत, ते फॉल-इनमध्ये उभे राहिले की दिसते.

पालकांनो, घरी असे घड्याळ असेल तर त्याच्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरवू नका. घाम, थरथर, चक्कर अशी लक्षणे दिसली तर पडद्याकडे नाही, माणसाकडे पाहा आणि ग्लुकोमीटर काढा.

सुट्टी संपवून निघताना आजीने विचारले, "बिनसुईचं खरं यंत्र कवा येणार रं?" मी म्हणालो, "येईल आजी, पण तोवर टोचून घे." तिने बोट पुढे केले. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिची साखर स्वतः तपासली. बोटाच्या मधोमध नाही, कडेला टोचले, तिथे कमी दुखते. आकडा आला १३२, आणि तो मी तिच्या वहीत लिहून ठेवला.