काळ्या मातीतील घरकुले आणि सरकारी सरासरी

परभणी जिल्ह्यातील एका गावात गेल्या उन्हाळ्यात मी एक घरकुल पाहिले. बांधून जेमतेम तीन वर्षे झालेली. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली भेग तिरपी होत छतापर्यंत पोहोचली होती आणि घराच्या शेतमजूर मालकिणीने तीत चिंध्या कोंबल्या होत्या. "पावसाळ्यात बुजती, उन्हाळ्यात पुन्हा उघडती," ती म्हणाली. सोबतच्या अभियंत्यांनी सारा दोष गवंड्यावर टाकला. हा निवाडा सोयीचा खरा. परंतु भेग ऋतूप्रमाणे उघडझाप करते, यातच त्याचे खंडन आहे.

काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते आणि सुकले की आकसते. जमीन पावसाळ्यात वर उचलते, उन्हाळ्यात खाली बसते. अनेक मजल्यांची इमारत आपल्या भाराने या फुगवट्याला काही अंशी तरी दाबून धरते. एकमजली खोलीला ते बळ नसते. म्हणजे गरिबाचे घर हलके, म्हणूनच ते अधिक फुटते!

आपल्या पूर्वजांना हे कळत नव्हते असे नाही. वस्ती पांढरीत आणि पीक काळीत, ही आपल्या गावांची जुनी रचना. आज पांढरी भरून गेली आहे. तिथल्या जागा ज्यांच्या हाती वारशाने आल्या, त्यांच्याच हाती राहिल्या. भूमिहीनाच्या वाट्याला येतो तो गावाबाहेरचा, बहुधा काळीतला तुकडा. जमिनीच्या प्रतीनुसार खंडात फरक का पडतो, हा रिकार्डोचा सिद्धांत मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवला. येथे तो उलटा होऊन समोर येतो. कापसाला जी जमीन उत्तम तीच घराला निकृष्ट, आणि त्या निकृष्टतेचा भुर्दंड सोसतो तो कापूस वेचणारा मजूर.

उपाय नाहीत काय? रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगवटा असलेल्या 'अंडर-रीम्ड' खांबांचे तंत्र केव्हाच विकसित केले. खोल काळ्या मातीत भारतीय मानक अशा खांबांना किमान ३.५ मीटर लांबी सांगते. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी पायाखाली न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देण्याची पद्धत मांडली. हे सारे बाजूला ठेवून मुरूम लागेपर्यंत खोदण्याचा गावठी मार्ग धरू. २५ चौरस मीटरच्या घरात मधली भिंत धरून सुमारे २५ मीटर लांबीचा पाया येतो. पाऊण मीटर रुंदीचा चर एक मीटर खोल नेला तर सुमारे १९ घनमीटर खोदाई होते, दोन मीटर नेला तर ३७ घनमीटरांहून अधिक. निघालेली काळी माती भरावाला चालत नाही. मुरूम विकत आणावा लागतो, वाहतूक निराळी. आणि हा सर्व खर्च भिंतीची पहिली वीट बसण्यापूर्वीचा.

आता शासनाचा हिशेब पाहा. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण सुरू झाली, तेव्हा सपाट प्रदेशासाठी १,२०,००० रुपये आणि डोंगराळ व दुर्गम भागांसाठी १,३०,००० रुपये ठरले. २०२४ साली केंद्राने योजना पुढे चालू ठेवली ती याच दरांनी. मधल्या आठ वर्षांत सिमेंट-लोखंडाचे भाव जणू गोठून गेले होते. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ५०,००० रुपयांची भर जाहीर केली. त्यातले १५,००० छतावरील सौर यंत्रणेसाठी! छताची आठवण झाली, पायाची नाही. चढ-उतार मोजणाऱ्या सरकारला जमिनीची जात मोजता येत नाही, हे कोणी मानावे? त्यातून जोते झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. मग उसनवारी करून बांधणारा माणूस चर उथळच ठेवणार.

"प्रत्येक भूखंडाची माती तपासणे अव्यवहार्य आहे," असा आक्षेप येईल. परंतु जमीन महसुलाची आकारणी करताना याच राज्ययंत्रणेने शेताशेताची माती पाहून प्रत लावली होती. घेण्यासाठी जे साधले ते देण्यासाठी का साधू नये?

आपले कार्यकर्तेही निर्दोष नाहीत. मंजूर घरकुलांचे आकडे आपण मोर्चात मागतो, पाया किती खोल गेला हे विचारत नाही. यापुढे ग्रामसभेत लाभार्थ्यांची यादी वाचली जाईल तेव्हा प्रत्येक नावापुढे भूखंडाची माती आणि मुरूम किती खोलीवर लागतो याची नोंद मागावी, आणि काळ्या मातीसाठी पायाचे स्वतंत्र अनुदान, तेही खोदाईपूर्वी, मिळावे असा ठराव त्याच सभेत करून घ्यावा.