ओळखीची चाल, अनोळखी वाद्य

पाश्चात्त्य वाद्यवृंदात वादकाहूनही उंच असे एक वाद्य उभे असते. त्याचे नाव डबल बेस. श्रोत्यांचे लक्ष व्हायोलिनकडे जाते. साऱ्या वृंदाला आधार मात्र या वाद्याच्या खर्जाचा असतो. पाश्चात्त्य वाद्ये गोमंतकाला परकी नाहीत. तेव्हा हे अवजड वाद्य शिकू पाहणाऱ्या मुलाला प्रथम काय शिकवावे, हा प्रश्न आपल्याकडेही विचार करण्याजोगा आहे.

एक पक्ष म्हणतो, आधी स्वराभ्यास, गाणे मागाहून. या मताला परंपरेचे बळ आहे. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्ना येथे शिकवणाऱ्या फ्रांट्स सिमांडल यांनी हाताचे एकेक स्थान पक्के करीत नेणारी जी पद्धती रचली, ती आजही प्रमाण मानली जाते. तिची थोरवी आम्हांस मान्य आहे. परंतु महिनोन्महिने केवळ दीर्घ स्वर घासणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाचा उत्साह टिकावा कसा? पुष्कळांचे वाद्य सुटते ते बोटे दुखतात म्हणून नव्हे, तर आपण संगीत वाजवीत आहोत असे त्यांना कधी वाटतच नाही म्हणून.

याहून महत्त्वाचे कारण कानाचे आहे. या वाद्याला पडदे नसतात. व्हायोलिनवर मोकळ्या तारेपासून पहिला पूर्ण स्वर सुमारे साडेतीन सेंटिमीटरांवर असतो. डबल बेसवर तेच अंतर सुमारे अकरा सेंटिमीटर भरते. एवढ्या अंतरात बोट चुकणारच. अनोळखी अभ्यासातील चूक शिक्षकाने दाखवावी लागते. ओळखीच्या चालीतील चूक विद्यार्थ्याला स्वतःलाच खटकते. म्हणजे शिक्षक घरी नसतानाही कान शिकवीत राहतो.

बालवाडीपासून कानांवर पडलेली ‘ट्विंकल ट्विंकल’ची चाल घ्या. ती षड्जापासून धैवतापर्यंतच्या सहा स्वरांतच फिरते. ‘ए’ ही मोकळी तार षड्ज मानली, तर हे सहाही स्वर ‘ए’ आणि ‘डी’ या दोन तारांवर, हात जागचा न हलवता, पहिल्या व चौथ्या बोटाने मिळतात. जपानचे शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांनी आपल्या व्हायोलिन-शिक्षणाचा आरंभ याच चालीने केला. मूल मातृभाषा शिकते तसेच संगीत शिकावे, हे त्यांचे सूत्र होते. आपल्याकडील मुलाने गणपतीच्या आरतीची चाल आधी गाऊन मग तारेवर शोधली, तरी हेतू तोच साधेल.

यावर आक्षेप येतो की, अशाने मूल स्वरलेखन वाचण्याचा कंटाळा करील व हाताची ठेवण बिघडेल. हा धोका खरा आहे; म्हणून चाल संथ व लहान असावी, आणि ती वाजू लागताच तिचेच लेखन विद्यार्थ्यापुढे ठेवावे. साधी चाल म्हणजे हलके संगीत, असेही कोणी समजू नये. गुस्ताव्ह मालर यांच्या, १८८९ साली बुडापेस्ट येथे प्रथम सादर झालेल्या पहिल्या सिम्फनीत एक भाग डबल बेसच्या एकल वादनाने उघडतो. ती चाल म्हणजे एक बालगीतच, केवळ गंभीर सुरावटीत बसवलेले.

तात्पर्य, स्वराभ्यास टाकू नये. त्याला ओळखीच्या चालीचे बोट धरू द्यावे. आधी बोलणे, मग व्याकरण, हा क्रम आपण भाषेत पाळतो. संगीतात तो का मोडावा?