पूर, ट्रॉली आणि माणसांचे वजन

महापुरात गाव हलवायची वेळ आली की सरकारी यंत्रणेच्या अगोदर धावून येते ती गावातली ट्रॅक्टर-ट्रॉली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांच्याही वर गेले, पंचगंगेने पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ अनेक दिवस बंद पाडला, आणि राज्यात चार लाखांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. एवढी माणसे केवळ लष्कराच्या नि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटींतून निघालेली नाहीत. पाणी गुडघ्याएवढे होते तोवर हजारो माणसे ट्रॉल्यांतून, टेम्पोंतून आणि दुधाच्या गाड्यांतूनच बाहेर पडली. ह्या सामान्य वाहनांनी जे काम केले त्याचे पोवाडे पुष्कळ गायले गेले. त्या ट्रॉलीत किती माणसे बसवावीत, हा साधा प्रश्न मात्र अजूनही कोणी विचारीत नाही.

त्याच महापुरात ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि बायकामुलांसह अनेक गावकरी बुडाले. नावेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे चढली होती, असे तेव्हा पुढे आले. ह्यावर ‘लोकांनी घाई केली’ असा शेरा मारून मोकळे होणे फार सोपे असते. पण दारात पाणी आलेला माणूस पुढच्या फेरीची वाट पाहील, ही अपेक्षाच अमानुष आहे. पुढची फेरी येईल असा भरवसा त्याला कोणी दिला होता?

येथे थोडे गणित मांडणे भाग आहे. तीन हजार वस्तीचे गाव घ्या. एका ट्रॉलीत बोचक्यांसह तीस माणसे धरली तर शंभर फेऱ्या होतात. गावात दहा ट्रॉल्या असतील तर प्रत्येकीला दहा फेऱ्या. जाऊन-येऊन एक तास धरला तर दहा तास. म्हणजे गाव सोडण्याचा आदेश रस्ता बुडण्यापूर्वी दहा तास आला तर प्रत्येकाला नीट बसून जाता येते. तोच आदेश तीन तास आधी आला तर त्याच ट्रॉलीत शंभर माणसे कोंबावी लागतात, किंवा सत्तर माणसे मागे ठेवावी लागतात. ट्रॉली किती भरायची हे अशा वेळी चालक ठरवीत नसतो. आदेश काढायला जो उशीर करतो तो ठरवीत असतो. कोयनेतून किती पाणी सोडणार, हे सोडणाऱ्यांना पाणी गावात शिरण्याच्या कित्येक तास अगोदर ठाऊक असते.

ट्रॉली हे मुळात माल वाहण्याचे साधन. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. पुढच्या ट्रॅक्टरचे वजन दोन-अडीच टन, मागे त्याच्या दुप्पट-तिप्पट ओझे, आणि सारे काही थांबवायचे ते ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी. उतारावर ओल्या रस्त्यात ट्रॉली मागून ढकलू लागते आणि आडवी येते. माल हौद्यात पडून असतो. माणसे उभी राहतात, त्यामुळे ओझ्याचा भार उंचावर जातो. शिवाय वळणावर सगळे एकाच बाजूला कलतात. दोन चाकी ट्रॉलीत माणसे मागच्या फळीशी गर्दी करून चढली तर हूक वर उचलला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा दाब कमी होतो आणि चिखलात चाके जागीच फिरू लागतात. मधल्या आसाच्या थोडे पुढे माणसे बसवली, उभी ठेवली नाहीत, तर हेच वाहन पुष्कळ सुरक्षित होते. त्याला खर्च काहीच नाही. पण सांगायला कोणीतरी हवे.

टायरची कथा तर त्याहून वाईट. ट्रॉलीला ट्रकवरून उतरलेले, गुळगुळीत झालेले किंवा वर नवी रबर चढवलेले टायर घालण्याची पद्धत सर्रास आहे. हंगाम संपला की ट्रॉली उन्हात उभी राहते, कडा तडकतात, हवा उतरते. टायरच्या कडेवर त्याची भारक्षमता कोरलेली असते, आणि ती पुरेशी हवा असेल तरच खरी. चार आकडी खुणेत पहिले दोन आकडे आठवड्याचे नि पुढचे दोन वर्षाचे, एवढे कळले तर कोणत्याही कार्यकर्त्याला त्याचे वय वाचता येते. पुरात वाहन सावकाश चालते, त्यामुळे तापून टायर फुटण्याचे भय कमी, हे मान्य. पण पाण्याखालचा खड्डा आणि वाहून आलेला पत्रा दिसत नाही, आणि भरल्या ट्रॉलीचे एक चाक बसले की ती तेथेच कलंडते.

ह्यावर असे म्हटले जाईल की संकटकाळी नियम बाजूला ठेवावेच लागतात. नियम ठेवता येतील. वजन कसे बाजूला ठेवणार? चाळीस माणसे म्हणजे अडीच टन. एक म्हैस म्हणजे सहा-सात माणसे. पाण्याचे दोनशे लिटरचे पिंप म्हणजे तीन. जनावर मागे ठेवून शेतकरी निघत नाही, ह्यात त्याचा हट्ट नसून त्याचे पोट आहे. म्हणून जनावरांची ट्रॉली आधीपासून वेगळी नेमली पाहिजे. ती नेमली नाही की म्हैस नि माणसे एकाच हौद्यात येतात.

आणि नियम पाळण्याचा उपदेश करणाऱ्यांचा इतिहास तरी काय आहे? ठराविक रक्कम घेऊन जादा भाराचे परवाने देण्याचा राज्यांचा उद्योग सर्वोच्च न्यायालयाला २००५ साली बेकायदा ठरवावा लागला. जुलै २०१८ मध्ये केंद्राने चार टायरांच्या आसावरील मर्यादाच १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. आसावरचा भार वाढला की रस्त्याची झीज साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढते, असे अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या प्रयोगांत दिसले होते. त्या हिशेबाने त्या एका आसाखालची झीज सुमारे साठ टक्क्यांनी वाढली. गावचे पूल मात्र होते तेच राहिले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक टनाला दोन हजार दंड आहे. दुसरीकडे ऊस वाहणाऱ्याला पैसे मिळतात टनावर. जो जास्त भरेल तोच हप्ता फेडू शकेल अशी रचना करायची आणि दंडाची पावती त्याच्याच हातात द्यायची, ह्याला व्यवस्था म्हणतात!

पूर नसतानाही ट्रॉलीतून जातो कोण? ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड तालुक्यातील आलेगाव शिवारात मजूर बायकांना नेणारा ट्रॅक्टर विहिरीत पडून सात जणी मेल्या. उत्तर प्रदेशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी कानपूरच्या घाटमपूर भागात देवदर्शनाहून परतणाऱ्यांची ट्रॉली तळ्यात उलटली. वीसहून अधिक जण गेले. बीडचा ऊसतोड कामगार तर दरवर्षी बिऱ्हाडासकट असाच पश्चिमेकडे येतो. ज्यांना एस.टी. मिळत नाही त्यांची ही एस.टी. आहे. म्हणून पुरात सुरक्षित ट्रॉली मागणे आणि मजुराला रोजच्या कामावर जाण्यासाठी बस मागणे, ह्या दोन मागण्या एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

ट्रॉलीमालकाचाही विचार केला पाहिजे. तो बहुधा कर्जावर ट्रॅक्टर घेतलेला शेतकरी असतो. शेतीकामासाठी उतरवलेल्या विम्यात ट्रॉलीतली माणसे सहसा येत नाहीत. काही विपरीत घडले तर मदतीला धावलेलाच आरोपी होतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ६५ नुसार बचावकार्यासाठी वाहने अधिग्रहित करता येतात आणि कलम ६६ नुसार त्याचा मोबदला द्यावा लागतो. तोंडी निरोपावर ट्रॉल्या बोलावण्याऐवजी तहसीलदाराने पावसाळ्यापूर्वीच लेखी यादी करावी, डिझेल नि भाडे ठरवावे, अपघाताची जबाबदारी शासनाने घ्यावी, अशी मागणी आपल्या तालुका समित्यांनी ह्या वर्षी लावून धरली पाहिजे. यादीत ट्रॉलीच्या नावापुढे टायरची अवस्था, ब्रेक आहे की नाही आणि माणसांचा आकडा लिहिलेला असावा. तोच आकडा ट्रॉलीच्या फळीवर ठळक रंगवावा. रिकाम्या ट्रॉलीचे वजन माहीत नाही ही सबब चालू देऊ नये. गाळप संपल्यावर मे महिन्यात साखर कारखान्याचा वजनकाटा मोकळाच असतो.