पाळीच्या तक्रारी आणि बीडचा धडा

बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांचा प्रश्न 2019 साली देशापुढे आला. राज्य शासनाने श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. अशा व्यवस्थेत पाळीचा त्रास म्हणजे बुडालेली मजुरी. त्यामुळे गर्भाशयच काढून टाकण्याचा सल्ला अनेकींना सोयीचा वाटला. पुढे जिल्हा शल्यचिकित्सकांची पूर्वपरवानगी सक्तीची झाली. 2023 साली सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी राज्यांना आदेश दिले.

नियम आवश्यकच आहेत. परंतु पाळीच्या तक्रारीविषयीचे मौन शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी, किशोरवयातच सुरू होते. पीसीओएस हा विकार त्याचे ठळक उदाहरण होय. यात पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण वाढते. पाळी लांबते, मुरुमे येतात, चेहऱ्यावर राठ केस उगवतात. पुष्कळ मुलींमध्ये इन्शुलिनचा प्रभावही मंदावतो व पुढे मधुमेहाचा धोका संभवतो. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षातील अनियमितता स्वाभाविक असते. मात्र तीन वर्षांनंतरही दोन पाळ्यांत 35 दिवसांहून अधिक अंतर पडत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. किशोरवयात केवळ सोनोग्राफीवरून निदान करू नये, असे 2023 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

गर्भाशय काढून हा विकार बरा होत नाही, कारण त्याचे मूळ संप्रेरकांच्या असंतुलनात आहे. “लग्न झाले की सगळे ठीक होईल” हा समजही निराधार आहे. बालविवाहांचे प्रमाण मोठे असलेल्या या जिल्ह्यात तर तो घातक ठरतो. योग्य आहार, नियमित व्यायाम, पुरेशी झोप आणि गरजेनुसार औषधे हाच खरा मार्ग होय.

या औषधांत कधी संप्रेरकांच्या गोळ्या असतात, ज्या कुटुंबनियोजनासाठीही वापरल्या जातात. त्यामुळे काही श्रद्धावंत माता संभ्रमात पडतात. ‘हुमाने विते’ या 1968 च्या परिपत्रकात पोप पॉल सहावे यांनी हा संभ्रम आधीच दूर केला आहे. संततिप्रतिबंध हा हेतू नसून शरीरातील विकार बरा करण्यासाठी आवश्यक असलेला उपचार ख्रिस्तसभा निषिद्ध मानत नाही.

मार्ककृत शुभवर्तमानातील स्त्री बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित होती. वैद्यांवर सर्व धन खर्च करूनही तिला गुण आला नव्हता. प्रभू येशूने तिला गर्दीत लपू दिले नाही. तिचे सारे म्हणणे ऐकून घेतले आणि तिला कन्या म्हणून संबोधिले.

आपल्या धर्मग्रामांत हेच घडावयास हवे. महिला मंडळांनी व धर्मभगिनींनी मुलींशी मोकळेपणाने बोलावे. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास शासकीय रुग्णालयात दुसरे मत घेण्यासाठी कुटुंबाला सोबत करावी. वडिलांनीही या विषयाला लाज मानू नये. आज मुलीचे म्हणणे ऐकून घेतले, तर उद्या तिच्यावर अनावश्यक शस्त्रक्रियेची वेळ येण्याचा संभव निश्चितच कमी होईल.