नोकरी लागली, मग पळता कशाला?

पुण्यात कुणी भेटला की विचारतो, तुझा रूट कोणता? पाषाण, विद्यापीठ, नाहीतर तळजाई. वाशिममध्ये रूट विचारत नाहीत, नाका विचारतात. अकोला नाका, पुसद नाका, हिंगोली नाका, रिसोड नाका. पहाटे तुम्ही कुठल्या नाक्यावरून निघालात यावर तुमचा घाम, तुमची कुत्री आणि तुमचे ट्रक ठरतात!

बँकेनं इथे बदली केली तेव्हा ऑफिसातल्या अर्ध्या जणांनी नकाशा काढला होता. वाशिम म्हणजे १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा. तो नवा असला तरी गाव जुनं. चौथ्या-पाचव्या शतकात वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी इथे होती, तेव्हाचं नाव वत्सगुल्म. आता मुख्य पीक सोयाबीन, आणि माझ्यासारख्यांच्या दृष्टीने मुख्य सोय म्हणजे ले-आउट.

ले-आउट हा खास विदर्भातला शब्द. शेत एनए होतं, प्लॉटचे दगड पडतात, रस्ते आखले जातात, आणि घरं मात्र वर्षानुवर्षं उगवत नाहीत. पळायला यापेक्षा झकास जागा नाही बॉस. गाडी नाही, हॉर्न नाही, चौकोनी सहा-सातशे मीटरचा फेरा. तोटा एकच. प्रत्येक ले-आउटमध्ये कुत्र्यांची एक टोळी असते आणि तुम्ही रहिवासी नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. शिवाय पावसाळ्यात डांबर सोडून दोन पावलं बाजूला टाकलीत, की काळी माती बुटाला अशी चिकटते की एकेका पायात अर्धा किलोचं वजन. फुकटचं वेट ट्रेनिंग.

सायकलवाल्यांसाठी मेन्यू मोठा आहे. सकाळच्या तासाभरासाठी शहराला पाणी पुरवणाऱ्या एकबुर्जी धरणाकडची चक्कर. रविवारी हिंगोली रोडनं पैनगंगा ओलांडून कन्हेरगाव नाक्यापर्यंत जायचं, चहा मारायचा, परत. पाय जास्तच खाजत असतील तर शेलूबाजार, मंगरूळपीरमार्गे कारंजा. एका बाजूनं साठेक किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन चांगला पल्ला. कारंजाजवळ कारंजा-सोहोळ हे काळविटांचं अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम १८ चौरस किलोमीटर, पण मोकळ्या माळावर पळणारं काळवीट एकदा बघा. स्वतःच्या स्पीडबद्दलचे सगळे गैरसमज दूर होतात.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मात्र जपून. शेतकरी सोयाबीन वाळत घालतात ते रस्त्यावरच, कारण गावात त्याइतकी सपाट कोरडी जागा दुसरी नसते. त्यावरून सायकल गेली तर टायरखाली छर्रे पसरल्यासारखं होतं. बाजूनं जा, आणि ढीग तुडवू नका, त्यात कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न असतं. पहाटे रोही, म्हणजे आपली नीलगाय, शेतातून थेट रस्त्यावर उडी घेते. ती हॉर्न वाजवत नाही. आणि बाभळीचे काटे! जादा ट्यूब दोन घ्या, एक पुरत नाही.

आता गंमत बघा. जिल्ह्यातला सगळ्यात गुळगुळीत रस्ता म्हणजे समृद्धी महामार्ग. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला, ५ जून २०२५ ला मुंबईच्या दिशेचा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. शेलूबाजार आणि कारंजाजवळून तो चढता येतो. कारनं. सायकलला, दुचाकीला, पायी चालणाऱ्याला मनाई. ताशी १२० च्या रस्त्यावर सायकल नको, हे मलाही पटतं. पण मग ज्यांच्याकडे इंजिन नाही त्यांच्या वाट्याला उरतो अकोला-हिंगोली-नांदेडचा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, जिथे राँग साइडनं बिनलाइटचा ट्रॅक्टर येतो, किंवा मग नाक्याबाहेरचा जुना रस्ता.

आणि पहाटे पाचला त्या जुन्या रस्त्यावर मी एकटा नसतो. तिथे गर्दी असते! पोलिस भरतीची पोरं आणि पोरी. कुणी आसपासच्या खेड्यातून येऊन खोली करून राहिलेलं, कुणी रात्री शेताला पाणी देऊन थेट आलेलं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० या एका धावण्याला. पैकीच्या पैकी हवे असतील तर मुलांना ५ मिनिटं १० सेकंदांत १६०० मीटर मारावे लागतात. माझ्या मनगटावरचं महागडं घड्याळ मला किलोमीटरला साडेसहा मिनिटं दाखवतं आणि वर शाबासकी देतं. यांच्याकडे घड्याळ नाही, मोबाइलचं स्टॉपवॉच आहे. आणि वयाचं कॅलेंडर आहे: शिपाई भरतीला खुल्या गटासाठी २८, मागासवर्गीयांसाठी ३३. भरती एक वर्ष लांबली तर आपल्याला ती पेपरातली बातमी वाटते. इथे एखाद्याचं धावणंच संपतं.

एक मुलगी रोज येते. तिच्या मागे तिचे वडील मोटारसायकलवर, पहिल्या गिअरमध्ये, हेडलाइट लावून. नाक्यापलीकडे दिवे नाहीत, म्हणून तिच्यापुढे तेवढाच उजेड. मागून ट्रक आला की वडील गाडी किंचित आत घेतात, म्हणजे ट्रक आधी त्यांना दिसेल. ती वळून बघत नाही. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी कानातले इअरफोन काढून खिशात टाकले. त्या रस्त्यावर ते परत घातले नाहीत.

तुमच्यापैकी बरेच जण दिवाळीला गावी जाता. शूज बॅगेत टाका. फक्त पळताना उजव्या कडेनं पळा, समोरून येणारं वाहन दिसतं. सायकल डावीकडून. अंगावर काहीतरी चमकणारं असू द्या. आणि पोरांचा ग्रुप फुल स्पीडमध्ये येताना दिसला तर रस्ता सोडा. आपलं कूल-डाउन दोन मिनिटं थांबू शकतं.

त्या पोरांनी रस्त्याच्या कडेला चुन्यानं खुणा केल्यात. ४००, ८००, १६००. टेपनं मोजलेल्या, माझ्या जीपीएसपेक्षा पक्क्या. मी त्यांच्यावरच इंटरव्हल मारतो. एकदा टोंगळे धरून धापा टाकत उभा होतो तर एकानं विचारलं, "सर, तुमची तं नोकरी लागली ना? मंग कायले पयता?"

मी कोलेस्टेरॉल, ताण, दिवसभराची खुर्ची वगैरे सांगायला लागलो. त्यानं मन लावून ऐकलं. मग म्हणाला, "थांबा, तुमचा टाइम घेतो," आणि मोबाइल काढला.

जीव खाऊन पळालो. आठ मिनिटं चाळीस.

"किती मार्क?" मी विचारलं.

"झिरो, सर," तो म्हणाला. "पण उद्या पाचले या. सुरुवातीले जरा कमी जोर लावा."