विश्लेषण : गिअरबॉक्स बनवणाऱ्या भंडाऱ्यासमोर विद्युत वाहनांचे आव्हान?

देशात मालमोटारींची विक्री घटली की त्याचा फटका भंडारा जिल्ह्यालाही बसतो. मात्र आता मंदीपेक्षा मोठा प्रश्न विद्युत वाहनांचा आहे.

भंडाऱ्याचा संबंध काय?
लाखनी तालुक्यातील गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखाना असून तेथे अवजड वाहनांचे गिअरबॉक्स तयार होतात. वरठीच्या सनफ्लॅगमधील विशेष पोलादाचा मोठा ग्राहकही वाहन उद्योगच आहे.

मागणी घटल्यास काय होते?
जुलै २०१८ मध्ये केंद्राने मालमोटारींची भारमर्यादा वाढवली. जुन्याच गाड्यांतून जादा माल जाऊ लागल्याने नव्यांची गरज घटली. त्यात मंदीची भर पडली. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीने भंडाऱ्यात १० दिवस काम बंद राहील, असे जाहीर केले.

विद्युत वाहनांमुळे काय बदलेल?
डिझेल इंजिन ठरावीक वेगमर्यादेतच नीट जोर देते, म्हणून अनेक गिअर लागतात. विद्युत मोटर सुरुवातीपासूनच पूर्ण जोर देते. त्यामुळे गिअरचे एक-दोन टप्पे पुरतात. साहजिकच दातेरी चक्रे, शाफ्ट आणि त्यांचे पोलाद कमी लागते.

धोका लगेच आहे का?
नाही. शहर बस आधी विजेवर येत आहेत. लांब पल्ल्याच्या अवजड मालमोटारींना मोठी, महाग बॅटरी लागत असल्याने तेथे बदल सावकाश होईल. गिअर घडवण्याचे कौशल्य विद्युत वाहनांच्या आसांसाठीही उपयोगी पडते. पण ते काम गडेगावला मिळणार की परराज्यात जाणार, हे नव्या गुंतवणुकीवर ठरेल. मोठे कारखाने मोजकेच असलेल्या जिल्ह्यातील रोजगारासाठी हाच निर्णय कळीचा आहे.