दोन शिखरं आणि पाण्याची बाटली

मैत्रिणींनो, थंडी पडू लागली की सहलीचे बेत सुरू होतात. गाडीतून उतरायचं, दर्शन घ्यायचं, भेळ खायची आणि परत फिरायचं, अशा सहली आपण नेहमीच करतो. पण यंदा एक अख्खा दिवस डोंगर चढण्याचा बेत केला तर? "आम्हांला कसलं जमतंय!" असं लगेच म्हणू नका. दिवसभर घरात उभ्याने राबणाऱ्या बाईच्या पायांत पुष्कळ बळ असतं. कमी पडते ती आखणी, आणि त्याहून कमी पडते स्वतःकडे बघण्याची सवय.

उदाहरण साल्हेरचं घेऊ. नाशिक जिल्ह्यात बागलाण तालुक्यात, गुजरातच्या डांग भागाला लागून हा डोंगर आहे. उंची १५६७ मीटर. कळसूबाईच्या खालोखाल महाराष्ट्रातलं हे दुसऱ्या क्रमांकाचं शिखर, आणि किल्ल्यांमध्ये सर्वांत उंच. १६७२ साली मराठ्यांनी मोगल फौजेचा इथे मोठा पराभव केला. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर त्या लढाईत होते. सूर्याजी काकडे इथेच कामी आले. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांत साल्हेर आहे. त्याला लागूनच सालोटा. दोघांच्या मध्ये खिंड. एका दिवसात दोन्ही माथे गाठायचे म्हणजे पहाटेपासून संध्याकाळपर्यंतचा हिशेब चोख हवा.

सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर असं करत वाघांबे गावी आदल्या संध्याकाळीच पोहोचावं. गावातला माहीतगार वाटाड्या जरूर सोबत घ्यावा. सपाटीवर ताशी पाच किलोमीटर आणि वर दर सहाशे मीटर चढणीला एक तास जादा, हा डोंगर चढणाऱ्यांचा जुना हिशेब आहे. पण तो सराव असलेल्यांचा. आपण त्याच्या दीडपट वेळ धरावा. डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. म्हणून घड्याळाची एक वेळ निघतानाच ठरवायची: दोन वाजले की जिथे असू तिथून उतरायला लागायचं. शिखर हाताशी आलं तरी!

आता मुख्य गोष्ट. ही मी जरा उघडच सांगणार आहे, कारण एरवी कुणी सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पाच जणी साल्हेरला गेलो. खिंडीतून कातळात खोदलेल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, मग कड्याच्या पोटातून जाणारी गुहांची वाट, असं करत पठारावर आलो. तिथे गंगासागर तलाव आणि रेणुकामातेचं देऊळ. तिथून शेवटचा चढ चढून परशुरामाच्या देवळाशी पोहोचलो. इथूनच बाण मारून परशुरामाने समुद्र मागे हटवला, अशी कथा सांगतात. वारा असा, की पदर धरून उभं राहावं लागलं. सगळ्या खुशीत होत्या. उतरताना मात्र पायऱ्यांवर आमच्यातल्या एका वहिनींच्या पोटऱ्यांत असे गोळे आले, की त्या मटकन खालीच बसल्या. डोकं दुखत होतं, तोंडाला कोरड. त्यांची बाटली पाहिली, तर जवळजवळ भरलेली! विचारल्यावर हळूच म्हणाल्या, "अहो, प्यायलं की जावं लागतं ना. इथे कुठे जायचं?"

मैत्रिणींनो, किती जणी प्रवासात हेच करतो! घरात शेवटी जेवायचं आणि बाहेर पाणी प्यायचं नाही. एसटीत ते एक वेळ निभावतं. डोंगरावर निभावत नाही. घामातून पाणी आणि मीठ दोन्ही जातात. मग गोळे येतात, चक्कर येते, आणि कातळाच्या पायरीवर चक्कर येणं म्हणजे जिवाशी खेळ. शिवाय लघवी तुंबवून ठेवली तर मूत्रमार्गाच्या दुखण्याला आमंत्रणच.

आम्ही सावलीत अर्धा तास बसलो. साखर-मिठाचं पाणी त्यांना घोट घोट दिलं, पोटऱ्या चोळल्या. खिंडीत आलो तेव्हा दोन वाजून गेले होते. ठरल्याप्रमाणे सालोटा सोडला. वहिनींचे डोळे भरून आले. माझ्यामुळे सगळ्यांचं राहिलं, म्हणत राहिल्या. पण कुणीही चकार शब्द काढला नाही.

पुढच्या वर्षी याच पाच जणी परत गेलो, पण अडचणीवर आधीच तोड काढून. प्रत्येकीजवळ तीन लिटर पाणी. दर तासाला शिट्टी, की सगळ्यांनी उभं राहून प्यायचं. "मला नको" चालणार नाही. आडोशाला एक जुनी गडद रंगाची चादर, दोघींनी धरायची. एक लहान खुरपं. पाण्याच्या टाक्यांपासून आणि वाटेपासून चांगलं शंभर पावलं लांब जायचं, कारण ते पाणी माणसं-गुरं पितात. कागद किंवा महिन्याच्या अडचणीतले पॅड जाड पिशवीत बांधून परत आणायचे. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय, फिकी दिसली की ठीक, एवढी खूण पुरे. पायांत ताकद होती तेव्हाच, सकाळी, आधी सालोटा केला. त्याची वाट घसाऱ्याची आणि पायऱ्या खड्या. मग साल्हेर. दोन वाजता उतरायला लागलो आणि दिवेलागणीच्या आत गावात होतो. वहिनी सर्वांच्या पुढे!

साखर-मिठाच्या पाण्याचं प्रमाण लिहून ठेवा: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नये. शिदोरीला दुधात भिजवलेल्या दशम्या, तिळाची चटणी आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू. भात-भाजीचे डबे नकोत, आंबतात. एकदम पोटभर जेवण्यापेक्षा दर दोन तासांनी थोडं खावं. पायाची नखं आदल्या दिवशी कापावीत, नाहीतर उतरताना बुटाच्या टोकावर आपटून काळी पडतात. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत. साडीपेक्षा सलवार-कमीज बरी; ओढणी कमरेला घट्ट बांधावी. रक्तदाब, मधुमेह किंवा गुडघेदुखी असेल त्यांनी डॉक्टरांना विचारूनच बेत करावा. महिनाभर आधीपासून रोज जिने चढावेत, शेवटच्या आठवड्यात पाठीवर पिशवी घेऊन.

राहता राहिली घराची व्यवस्था. दोन दिवसांच्या भाज्या करून फ्रीजमध्ये लावून जाऊ नका, बरं का! कुकर कसा लावायचा ते घरातल्यांना दाखवून द्या आणि निघा. एखाद्या दिवशी वरण थोडं पातळ झालं तर बिघडत नाही.